तारेवरचा विश्वास

खंडेनवमीला भोसरीपासून चाकणपर्यंतच्या शेडमध्ये यंत्रं पुसून लख्ख केली जातात. लेथला झेंडूची माळ चढते, फर्नेसच्या पॅनेलवर हळदकुंकवाची बोटं उमटतात. त्याच पॅनेलवरच्या तापमानाच्या कंट्रोलरमध्ये एक फार जुना प्रश्न दडलेला आहे: कळलेलं खरं कशावरून?

गिअरचं कार्बरायझिंग करताना भट्टी साधारण ९३० अंश सेल्सिअसवर राखतात. कंट्रोलर बिघडला की मेंटेनन्सवाला नवा बसवतो. वायरिंग जुनंच राहतं. समजा, भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या के टाइप थर्मोकपलची खास केबल पूर्वी कधीतरी जळाली आणि कोणी घाईघाईत साधी तांब्याची तार जोडून वर टेप गुंडाळली. भट्टीलगतचा तो जोड ७० अंशांवर, पॅनेल ३० अंशांवर. कंट्रोलर मधले ४० अंश कमी वाचतो. म्हणजे पडद्यावर ९३०, आत ९७०. आकडा ढिम्म हलत नाही, आणि जॉब बिघडत जातात.

संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९७९ मध्ये लिहिलं की साध्या थर्मोस्टॅटलाही 'समजुती' असतात असं म्हणता येईल: खोली फार गरम आहे, फार थंड आहे किंवा ठीक आहे.

मग इथे समजूत चुकली कोणाची?

कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, हे आपल्या दर्शनांतलं नेहमीचं उदाहरण. दोष शंखात नाही, मधल्या साधनात आहे. मीमांसक म्हणत, ज्ञान स्वतःच प्रमाण. बाध, म्हणजे ते खोडणारं दुसरं ज्ञान, येईपर्यंत ते खरं धरावं. नैयायिकांना ते पटत नसे. ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला आली, तरच त्याचा खरेपणा कळतो, असं ते म्हणत. कंट्रोलर मीमांसकासारखा वागतो खरा, पण अर्धाच. तार जे सांगेल ते तो मानतो; बाध ही गोष्टच त्याच्या गावी नाही. मॅकार्थींचा शब्द इथे तोकडा पडतो. जी कधी स्वतःवर शंका घेऊ शकत नाही, तिला समजूत कशी म्हणावी?

शंका येते ती माणसाला. जॉबची हार्डनेस बसेना, की तो कॅलिब्रेट केलेलं दुसरं थर्मोकपल भट्टीत सोडतो आणि दोन्ही आकडे शेजारी मांडतो. मग केबलमागे हात फिरवत जोडापर्यंत पोचतो, टेप सोलतो, चुंबक लावतो. अस्सल केबलमधली ऋण तार चुंबकाला धरते. ही धरत नाही.