गवत पचते कोणाला?

गाय गवत खाते, हे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असते. पण गायीला गवत पचत नाही. गायीलाच काय, घोडा, हत्ती, ससा, माणूस यांपैकी कोणालाही ते स्वतःच्या बळावर पचत नाही.

गवताची काडी मुख्यतः सेल्युलोजची, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक साखळी. भाता-ज्वारीतला स्टार्चही ग्लुकोजचाच. फरक एवढाच की एक रेणू दुसऱ्याला जोडणारा सांधा दोघांत वेगळ्या पद्धतीने बसलेला असतो. स्टार्चचा सांधा आपली लाळ तोंडातच तोडू लागते. सेल्युलोजचा सांधा तोडणारा पाचकरस मात्र सस्तन प्राण्याच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम जिवाणूंचे, काही बुरशींचे आणि काही एकपेशीय जीवांचे. म्हणून ज्याला गवतावर जगायचे आहे त्याने या सूक्ष्मजीवांना पोटात जागा दिली पाहिजे, आणि त्यांचे काम संपेपर्यंत थांबले पाहिजे. मग एकच प्रश्न उरतो: जागा द्यायची कुठे? लहान आतड्याच्या अलीकडे की पलीकडे? चारा खाणाऱ्या प्राण्याच्या आयुष्यातल्या किती गोष्टी या एका प्रश्नाच्या उत्तरातून निघतात, ते पाहिले की मन थक्क होते.

गायीने जागा अलीकडे दिली. तिच्या चार कप्प्यांच्या पोटातला पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गायीत तो शंभर लिटरांहून अधिक मावेल एवढा असतो. आत प्राणवायू जवळजवळ नाही, ऊब साधारण ३९ अंश सेल्सियसची, आणि तिथल्या एकेका मिलिलिटर द्रवात अब्जावधी जिवाणू. इडलीचे पीठ रात्रभर आंबते तसा इथे चारा अहोरात्र आंबत असतो. गाय दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करते, ते चारा बारीक करण्यासाठी तर खरेच, पण रवंथ करताना सुटणाऱ्या लाळेसाठीही. दिवसाला शंभर लिटरांच्या आसपास लाळ गिळली जाते. त्या लाळेत सोड्यासारखे क्षार असतात. आंबताना तयार होणारे आम्ल ते मारतात, नाहीतर सूक्ष्मजीव आपल्याच आम्लात मरतील.

आता नीट लक्ष द्यावे. सेल्युलोजमधून सुटलेले ग्लुकोज गायीला मिळत नाही. ते जिवाणूच वापरून टाकतात. त्यांनी टाकून दिलेली ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले कोटीपोटाच्या भिंतीतून गायीच्या रक्तात उतरतात. तिच्या ऊर्जेचा सुमारे सत्तर टक्के वाटा त्यांतूनच येतो. आपण पितो त्या दुधातली साखरही मोठ्या अंशी प्रोपिऑनिक आम्लापासून यकृताने नव्याने घडवलेली असते.

एवढ्यावर थांबत नाही. आंबलेल्या चाऱ्याबरोबर ते सूक्ष्मजीवही पुढे वाहत जातात आणि चौथ्या कप्प्यात, खऱ्या पोटात, येऊन पडतात. तिथे ते मरतात आणि पचतात. वाळल्या कडब्यात प्रथिने फार थोडी, तरी गाय त्यावर तग धरते ती या जिवाणूंच्या देहातल्या प्रथिनांमुळे. आपण लघवीवाटे टाकून देतो त्या युरियाचा मोठा भाग ती लाळेतून आणि रक्तातून पुन्हा कोटीपोटात सोडते. जिवाणू त्याचेही प्रथिन करतात. ज्यांना खाऊ घातले त्यांनाच शेवटी खायचे, अशी ही व्यवस्था आहे, आणि जागा लहान आतड्याच्या अलीकडे असल्यामुळेच ती चालते.

घोड्याने जागा पलीकडे दिली, मोठ्या आतड्यात आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या फुगीर अंधांत्रात. दाण्यातली साखर, स्टार्च, प्रथिने लहान आतडे आधी स्वतः घेते, उरलेली काडी मागे आंबते. आम्ले तिथेही शोषली जातात, पण जिवाणूंच्या देहातली प्रथिने बहुतेक लिदीबरोबर जातात. काडीही पुरती पचत नाही, म्हणून घोड्याच्या लिदीत तुसे दिसतात आणि गायीचे शेण मऊ लागते. त्या बदल्यात घोड्याला रवंथासाठी बसावे लागत नाही. निकृष्ट चाराही भरपूर खाऊन तो पुढे ढकलू शकतो. हत्तीचेही तसेच. सशाची जागाही मागेच, पण त्याने तोटा भरून काढला आहे: अंधांत्रातून येणाऱ्या मऊ लेंड्या तो थेट गुदद्वाराशी तोंड लावून खातो आणि मागची प्रथिने पुन्हा पुढे आणतो. पाळलेल्या सशाला कोणी त्यावरून हाकलू नये. ते त्याचे जेवण आहे.

सह्याद्रीत याचे फार सुंदर उदाहरण आहे. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड एकाच झाडावर दिसतात. माकडाचे पोट आपल्यासारखे साधे. वानर मात्र पाने खातो आणि गायीसारखा पोटाच्या पुढच्या भागात ती आंबवतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली ओळखलेले लायसोझाइम आपल्या अश्रूंत असते. ते जिवाणूंच्या भिंती फोडते. गाय आणि वानर या दोघांनीही ते पोटात जिवाणू पचवण्यासाठी वापरायला घेतले, आणि दोघांच्या लायसोझाइममध्ये काही बदल अगदी सारखे झाले आहेत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. मला हा उत्क्रांतीचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

अलीकडच्या जागेची किंमतही आहे: जे खाल्ले ते आधी जिवाणूंच्या हाती पडते. दूध असे आंबून वाया जाऊ नये म्हणून वासरू आचळाला लुचते तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी असलेली पन्हळ मिटून नळी बनते आणि दूध कोटीपोट टाळून थेट खऱ्या पोटात उतरते. मोठ्या गायीला भातासाठी अशी आडवाट नाही. लग्नाच्या पंगतीत उरलेला भात आणि जिलबी कोणी प्रेमाने, पुण्य म्हणून, तिच्यापुढे ओतते. स्टार्च आणि साखर झपाट्याने आंबतात, लॅक्टिक आम्ल साचते, लाळेचा सोडा पुरत नाही. काडी पचवणारे जिवाणू काही तासांत मरू लागतात, रवंथ थांबते, आणि वेळेवर पशुवैद्य आला नाही तर गाय दगावते.