सनद आणि कबुलायत

गोदावरीच्या जालना जिल्ह्याकडील काठावर पितरांच्या अस्थी प्रवाहात सोडून रित्या हातांनी घरी परतणारी माणसे ज्याने बालपणापासून पाहिली, आणि देह हे आत्म्याने टाकलेले वस्त्र होय ही शिकवण ज्याच्या अंगी मुरली, त्याला मृताच्या देहावर दगड उभा करून तो पिढ्यान्‌पिढ्या जपण्यात कोणता अर्थ असावा, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. अलिबागजवळच्या नवगाव येथील बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या प्राचीन दफनभूमीने तो माझ्यापुढे सर्वांत उत्कटतेने उभा केला.

या समाजाची परंपरा अशी की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्यासमोर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या तरल्या, आणि समुद्राने परत दिलेली इतरांची प्रेते, पुरुषांची एका व स्त्रियांची दुसऱ्या, अशा दोन उंचवट्यांखाली पुरली गेली. तेथे आता स्मारकस्तंभ आहे. पण त्या मातीत तांडेल कोण आणि उतारू कोण, हा भेद उरलेला नाही.

आमच्या जालना जिल्ह्यातील भोकरदनचे, म्हणजे प्राचीन भोगवर्धनाचे, दाते सांचीच्या स्तूपावर आपली नावे कोरवून गेले. त्याच भोकरदनच्या उत्खननात, पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य असणारी मूर्ती निघाली. समुद्र न पाहिलेला आमचा मुलूखही गलबतांच्या जगाशी बांधलेला होता, असे मानण्यास त्यामुळे आधार मिळतो. दात्यांची नावे शिळेवर राहिली, माल वाहणाऱ्या खलाशांची राहिली नाहीत. नाव टिकणे हाच सन्मानाचा गाभा असेल, तर नवगावचे ते उंचवटे मुके म्हणावे लागतील; मला ते तसे वाटत नाहीत.

जुन्या दफ्तरी व्यवहारात सनदेने हक्क मिळे आणि कबुलायतीने कर्तव्य पत्करले जाई. पूर्वजांच्या समाधीकडे बोट दाखवून ‘ही भूमी आमची’ म्हणणारा त्या समाधीला सनद समजतो. वस्तुतः ती कबुलायत आहे. किनाऱ्याला लागलेल्या त्या चौदा जणांजवळ, परंपरेनुसार, धर्मग्रंथही उरले नव्हते. तरी त्यांच्या वंशजांनी तेलाचा घाणा चालवताना शनिवारी तो बंद ठेवला, इतका नेमाने की कोकणाने त्यांना ‘शनवार तेली’ हेच नाव दिले. पेणकर, किहीमकर अशी आडनावे त्यांनी गावांवरून घेतली, मराठी ही मायबोली केली, आणि ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी ओठांवर जपली. मृतांशी केलेला करार त्यांनी दगडाआधी आचरणावर कोरला होता.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. सनद जमिनीला जखडलेली असते. कबुलायत मात्र पत्करणाऱ्याबरोबर चालते, म्हणूनच त्यांतील कित्येकांच्या घरांत मराठीही समुद्रापार गेली.

आणि आम्ही तरी निराळे काय करतो? श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीनच पिढ्यांचा नामोच्चार होतो. त्यापलीकडचे सारे पितर निनावी होऊन एकाच तिळोदकात सामावतात. गोदेच्या पाण्यात ओंजळ रिती करणाऱ्यालाही, ज्यांची नावे ठाऊक नाहीत त्यांचेच ऋण मान्य करावयाचे असते. नवगावचे दोन उंचवटे तेच ऋण मातीत मांडून ठेवतात, इतकेच.