शाफ्ट्सबरींची श्रद्धा आणि करुणा
शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल (१८०१–१८८५) हे ब्रिटनच्या टोरी (पुराणमतवादी) राजकारणातील उमराव असून इव्हँजेलिकल पंथाचे, म्हणजे बायबल आणि व्यक्तिगत उद्धार यांना सर्वोच्च स्थान देणाऱ्या प्रोटेस्टंट प्रवाहाचे, निष्ठावंत अनुयायी होते. कमरेला पट्टा व साखळी बांधून खाणीत कोळशाचे गाडे रांगत ओढणाऱ्या मुलांची चित्रे १८४२च्या सरकारी अहवालात छापली गेली, तेव्हा अमर आत्मा लाभलेल्या जिवाला जनावरासारखे जुंपणे हे त्यांना घोर पाप वाटले, आणि स्त्रिया, मुली व १० वर्षांखालील मुलगे यांना भूगर्भातील कामास मनाई करणारा कायदा त्यांनी त्याच वर्षी संमत करून घेतला. तरीही १८६७ मध्ये कामगारांपर्यंत मताधिकार वाढवण्याला त्यांनी विरोध केला. त्यांची करुणा निःसंशय खरी होती. परंतु ज्याचा आत्मा आपल्या बरोबरीचा मानला, त्याचे मत मात्र नाकारणारी ही श्रद्धा अपुरीच म्हटली पाहिजे.