पायाखालची फरशी

मोती आमच्या घरी आला तो 2011 च्या पावसाळ्यात. रामबागेतल्या एका ओटल्याखाली भिजत बसलेले ते गावठी पिल्लू मुलांनी उचलून आणले, आणि चार दिवसांसाठी म्हणून आलेला तो पाहुणा घरचाच झाला. त्याच्या दोन वर्षे आधी, 2009 साली, आम्ही वाड्याची डागडुजी करून घेतली होती. ओसरीतल्या आणि माजघरातल्या जुन्या दगडी फरशीला टाकीचे घाव होते, सांधे उखडले होते, केरसुणी अडकत असे. तिच्या जागी आम्ही पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. इंदूरला येणारे नातेवाईक त्या फरशीत आपला चेहरा पाहून वाहवा करीत, आणि आम्हांलाही त्याचा अभिमान वाटे.

पिल्लू असताना मोती त्या फरशीवरून धावत येई, वळताना घसरे, भिंतीवर आपटे आणि पुन्हा धावे. आम्ही पोट धरून हसत असू. गेल्या हिवाळ्यापासून तोच मोती माजघराच्या उंबरठ्यावर उभा राहू लागला. एक पाय पुढे टाकायचा, तो सरकला की मागे घ्यायचा, आणि आमच्याकडे पाहत राहायचे. पाण्याचे भांडे फरशीच्या पलीकडे होते, म्हणून त्याने पाणी पिणे कमी केले. एकदा मागचे दोन्ही पाय फाकून तो खाली बसला आणि त्याला उठता येईना. त्या दिवसापासून मी त्याला उचलून नेऊ लागलो.

शेजाऱ्यांनी माझ्या भूतदयेचे कौतुक केले. मलाही ते गोड वाटले, हे कबूल केले पाहिजे. परंतु उचलताना मोतीचे अंग ताठ होई आणि तो तोंड फिरवून घेई. ज्याला मी मदत म्हणत होतो, तीत माझा आनंद किती आणि त्याचा किती, असा प्रश्न मला तेव्हा प्रथम पडला.

गुरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासले. वयोमानाने सांधे झिजले होते, मागच्या पायांचे स्नायू सुटले होते. त्यासाठी त्यांनी औषध दिले, आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या घरच्या घरी देऊ नका, त्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात, असे बजावले. पण त्यांचे मुख्य सांगणे वेगळेच होते. ‘‘आजार पायात आहे, पण घसरणे फरशीत आहे,’’ ते म्हणाले. कुत्र्याची नखे मातीत रुततात आणि त्याला आधार देतात. गुळगुळीत फरशीवर ती रुतत नाहीत. घसरण्याच्या भीतीने तो नखे अधिकच रोवू पाहतो, त्यामुळे तळव्याच्या गाद्या जमिनीवर नीट टेकत नाहीत आणि तो आणखी घसरतो. भीतीने घसरण आणि घसरणीने भीती, असे ते चक्र आहे.

उपाय अगदी साधे निघाले. वाढलेली नखे बेताने कापली. तळव्यांच्या गाद्यांमधले वाढलेले केस कातरले. जुन्या सतरंज्या काढल्या; त्या टाइल्सवर स्वतःच सरकतात म्हणून त्यांच्याखाली रबराची जाळी घातली. सतरंज्यांची सुटी बेटे करून भागत नाही, कारण दोन बेटांमधल्या चकचकीत पट्टीपाशी कुत्रा अडून बसतो. म्हणून निजण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून अंगणापर्यंत एक अखंड वाट केली. फरशी पुसल्यावर ती कोरडी होईपर्यंत त्याला थांबवू लागलो. अंगणाच्या दोन पायऱ्यांपुरता पोटाखालून पंचा घालून मागच्या अंगाला आधार देतो. गळपट्ट्याला धरून ओढत नाही. पहिले दोन दिवस तो सतरंजी हुंगत राहिला. तिसऱ्या दिवशी तो उठला, आपल्या पायांनी चालत गेला आणि पोटभर पाणी प्याला.

आता प्रश्न असा, की हे मी जे केले त्याला काय म्हणावे? अठराव्या शतकातील जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत नेमके वृद्ध कुत्र्याचेच उदाहरण घेतले आहे. ज्याने इमानाने दीर्घ सेवा केली तो कुत्रा सेवेला निरुपयोगी झाला, तरी धन्याने त्याला अखेरपर्यंत सांभाळावे, असे तो म्हणतो. मात्र त्याच्या मते हे कर्तव्य खऱ्या अर्थाने कुत्र्याविषयीचे नसते. जनावराशी निष्ठुर वागणारा माणसांशीही निष्ठुर होतो, म्हणून ते मानवतेविषयीचे असते. आपल्या राज्यघटनेत 1976 साली नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यांत प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे एक आहे. त्याआधीचा 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा अधिक नेमका आहे. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी वाजवी ते सर्व उपाय करावेत, हे तो कर्तव्य म्हणून सांगतो.

मला कायद्याची ही दृष्टी जवळची वाटते. दया ही जो दुःखाला कारण नाही त्याने करायची गोष्ट आहे. मोती घसरत होता तो मी निवडलेल्या फरशीवर. ती निवडताना तिच्यावरून कोण कोण चालणार याचा विचार मी केला नव्हता; कोण कोण पाहणार याचा केला होता. अशा वेळी सतरंजी अंथरणे हे देणे फेडणे आहे, त्याला औदार्याचे नाव देता येत नाही. जगात माणसांना निवारा नसताना कुत्र्याच्या चालण्याचे एवढे स्तोम कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण एक देणे फेडल्याने दुसरे बुडत नाही, आणि या फेडीला लागल्या त्या अडगळीतल्या चार सतरंज्या.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातील कथा आपण सर्व जाणतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला स्वर्गात जागा नाही म्हणतो. धर्मराज त्याला सोडून रथात चढत नाही. या कथेतील एक गोष्ट मला अलीकडेच जाणवली. तो कुत्रा हस्तिनापुरापासून आपल्या पायांनी मागोमाग चालत आला होता. धर्मराजाने त्याला वाटेत उचलून घेतले नाही. जेथे त्याला वाट नाही तेथे आपणही जाणार नाही, एवढेच तो म्हणाला. दुबळ्याचे पाय त्याच्यापाशी राहू देणे आणि वाटेची जबाबदारी आपल्याकडे घेणे, हा साहाय्याचा सर्वांत कठीण प्रकार असावा. कठीण अशासाठी, की त्यात साहाय्य करणारा कोणाला दिसत नाही.

हे सारे मला मोतीने शिकवले असे म्हणून थांबता आले असते. पण ते पुरते खरे नव्हे. नवी फरशी झाली तेव्हा आमचे अण्णा ऐंशीच्या घरात होते. त्याआधी ते रोज सकाळी माजघर ओलांडून ओसरीवर येत, वर्तमानपत्र वाचीत, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारीत. त्या वर्षापासून ते हळूहळू आपल्या खोलीतच बसू लागले. दाराशी येत, चौकटीला धरून उभे राहत आणि म्हणत, ‘‘आज राहू दे.’’ आम्ही त्यांचा चहा, जेवण, वर्तमानपत्र सारे खोलीत पोहोचवू लागलो, आणि अण्णांची सेवा कशी होते ते लोक वाखाणू लागले. 2013 साली ते गेले. वय झाले होते, मन उडाले होते, असेच आम्ही समजत आलो. मोती उंबरठ्यावर एक पाय पुढे टाकून मागे घेताना मी पाहिला, तेव्हा ती चौकट धरलेली मूठ मला आठवली.

अण्णांनी कधी तक्रार केली नाही. मुलाने हौसेने केलेल्या फरशीला नावे कशी ठेवायची, असे त्यांना वाटले असेल. मोतीला तर तक्रार करता येतच नाही. म्हणून विचारण्याचे काम, निदान पाहण्याचे काम, ज्याचे पाय धड आहेत त्याचे आहे.

सतरंज्यांची वाट आता अण्णांच्या खोलीपर्यंत नेली आहे. पिल्लू होता तेव्हापासून मोती त्यांच्या खाटेखाली निजत असे. मध्यंतरी त्याने तिकडे जाणे सोडले होते. आता दुपारी तो सावकाश उठतो, एकेक पाऊल टाकत माजघर ओलांडतो आणि रिकाम्या खाटेखाली जाऊन पडतो. ही वाट तेव्हाच अंथरली असती, तर तिच्यावरून उलट दिशेने आणखी कोणी चालत ओसरीवर आले असते.