गीता २.१४ : सोसणं म्हणजे काय



सुखदुःखं येतात-जातात, ती सोस, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. पण जुनाट आजार कुठे जातो?

बाबा आमटेंना कण्याच्या दुखण्यामुळे धड बसता यायचं नाही. उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. तरी १९८५ला ते ‘भारत जोडो’साठी कन्याकुमारीहून निघाले. साधनाताईंनी असं दुखणं वर्षानुवर्षं जवळून पाहिलं.

माझ्या बायकोला आमवात आहे. शिरूर अनंतपाळला गेलो तरी सकाळी बोटं वळत नाहीत. गरम पाण्यात हात धरते, मग भाकरी थापायला बसते. आई म्हणते, “राहू दे माय.” ऐकतंय कोण! रविवारी आठवड्याची गोळी, सोमवारी मळमळ, तरी नऊच्या मीटिंगला हजर.

तिलाच श्लोक विचारला. म्हणाली, “आजार मुक्कामाला आहे रे, दुखणं येतं-जातं. दहा वाजू दे, बघ.”

उद्या श्लोक १५.