प्रांजळ आणि न्याय्य : ‘हॅरिसेस लिस्ट’च्या निमित्ताने

मूल्यमापन प्रामाणिक असले की ते न्याय्यही असते, असे समीक्षाव्यवहारात बहुधा गृहीत धरले जाते. मर्ढेकरांच्या विवेचनानंतर ‘आत्मनिष्ठा’ ही संज्ञा मराठी समीक्षेत रुळली, आणि लेखकाने आपल्या अनुभवाशी इमान राखावे ही अपेक्षा ओघानेच समीक्षकाकडूनही केली जाऊ लागली. परंतु अनुभवाशी राखलेले इमान हा अनुभव घेणाऱ्याचा स्वतःशी असलेला संबंध होय. न्याय हा दुसऱ्याशी असलेला संबंध आहे. मूल्यमापनाचा विषय कलाकृती असतो तोवर हा भेद फारसा जाणवत नाही. तो विषय जिवंत व्यक्ती असेल, तिचा सहवास पैसे देऊन मिळवलेला असेल आणि तिच्याविषयीचा अभिप्राय छापून विकला जात असेल, तर मात्र तो टाळता येत नाही. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांविषयीचे ग्राहकी अभिप्राय या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

अठराव्या शतकातील लंडनमध्ये ‘हॅरिसेस लिस्ट ऑफ कॉव्हेंट गार्डन लेडीज’ ही वार्षिक पुस्तिका निघत असे. तिचा आरंभ सामान्यतः १७५७ मध्ये झाला असे मानले जाते. ती १७९५ पर्यंत चालली. ‘शेक्सपिअर्स हेड’ या मद्यगृहातील जॅक हॅरिस या दलालाचे नाव तिला मिळाले; मजकूर मात्र सॅम्युएल डेरिक या निर्धन आयरिश कवीने सिद्ध केला, असे हॅली रूबेनहोल्ड यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात प्रतिपादिले आहे. १७६९ मध्ये डेरिक वारल्यावरही इतरांनी ती चालू ठेवली. अडीच शिलिंगांच्या या पुस्तिकेत प्रत्येक स्त्रीचे वय, रूप, दात, स्वभाव, मोबदला आणि पत्ता दिलेला असे. नावातील काही अक्षरे गाळून तेथे रेघा टाकलेल्या असत. पत्ता मात्र सहसा पुरता असे. म्हणजे आडपडदा लेखक-प्रकाशकाला कायद्यापासून वाचवणारा होता, त्या स्त्रीला वाचवणारा नव्हता. प्रकाशकाच्या जागी छापले जाणारे ‘एच. रेंजर’ हे नावही बनावट होते. न्यायनिवाडा करणारा अदृश्य आणि जिचा निवाडा व्हायचा ती घराच्या पत्त्यासह उघडी, अशी ही रचना आहे.

याच १७५७ साली डेव्हिड ह्यूमचा अभिरुचीच्या प्रमाणाविषयीचा प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. सूक्ष्म संवेदना, सराव, तुलनेची सवय, पूर्वग्रहांपासून मुक्तता आणि सुबुद्धता हे गुण ज्याच्या ठायी आहेत तोच खरा परीक्षक, असे ह्यूम म्हणतो. सान्चोच्या दोन नातलगांची कथा तो सांगतो. पिंपातील मद्य चाखून एकाला चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात; पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. अभिप्रायाच्या सत्यतेला येथे वस्तूचीच साक्ष मिळते. ‘लिस्ट’चा लेखकही अशाच परीक्षकाचा आव आणतो : पुष्कळ पाहिलेला, तुलना करू शकणारा, कशालाही न भुलणारा. पण मद्याला आपल्याविषयीचा अभिप्राय वाचता येत नाही, आणि त्यावर मद्याचे भाडे व जेवण अवलंबून नसते. ह्यूमचे निकष परीक्षकाच्या पात्रतेचे आहेत. परीक्षिताविषयी परीक्षकाचे काही देणे लागते का, हा प्रश्न मद्याच्या उदाहरणात उद्भवतच नाही.

‘लिस्ट’मधील विधानांचे तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग पडताळता येण्याजोग्या तथ्यांचा : मोबदला, पत्ता, रोगाचा इशारा. दुसरा अभिरुचीचा : बांधा, केस, बोलण्याची ढब. तिसरा वर्तनाचा : अमुक स्त्री हसतमुख आहे, तमुक ताठर आहे, आणखी कोणी मद्यपी आहे. प्रामाणिकपणाची कसोटी पहिल्या वर्गाला पुरेपूर लागू पडते. रोगाची नोंद खरी असेल तर ती ग्राहकाच्या उपयोगाची; खोटी असेल तर एका उपजीविकेचा घात. नोंद खरी की खोटी हे ठरवण्याचे साधन मात्र वाचकापाशी नाही, आणि त्या स्त्रीपाशी तर छापखानाच नाही. दुसऱ्या वर्गात प्रामाणिक असणे सोपे असते, कारण रुचीला पुरावा लागत नाही.

खरी अडचण तिसऱ्या वर्गात आहे. एखादी स्त्री रुक्ष वाटली, हा ग्राहकाचा अनुभव खराच असू शकतो. परंतु ज्याला तो रुक्षपणा म्हणतो तो तिचा नकार असेल, थकवा असेल किंवा भीती असेल. अभिप्राय तिच्या वर्तनाचे कारण गिळून केवळ परिणाम नोंदवतो, आणि नाकारण्याचा तिचा हक्क मालातील खोट म्हणून छापला जातो. येथे एकही विधान असत्य नाही. तरीही अन्याय पूर्ण झालेला आहे. खोट्या स्तुतीचीही गत वेगळी नाही. ती वाचून येणारा ग्राहक ज्या अपेक्षा घेऊन येतो त्यांची भरपाई स्तुती करणाऱ्याला करावी लागत नाही.

संस्कृत भाण या नाट्यप्रकाराची रचना येथे उद्बोधक ठरते. ‘चतुर्भाणी’तील विट वेशवाटेतून हिंडतो, गणिकांना हाका मारतो, त्यांची थट्टा व परीक्षा करतो, पण रंगमंचावर तो एकटाच असतो. समोरच्या स्त्रीचे उत्तर ‘काय म्हणतेस?’ असे विचारून तोच उच्चारतो. या आकाशभाषितात ती बोलते, पण त्याच्या मुखाने. भाण हे उघडपणे प्रहसनाच्या जवळचे नाट्य असल्यामुळे विटाचा एकमुखीपणा प्रेक्षकाला दिसतो आणि हसू विटावरही उलटते. ‘लिस्ट’ तेच आकाशभाषित माहितीपत्रक म्हणून सादर करते. फरक कल्पित आणि तथ्य यांतला आहेच. त्याहून मोठा फरक असा की, तेथे एकमुखीपणा लपवलेला आहे.

यावर असा आक्षेप येईल की ग्राहकही फसवला जातो, आणि फसवणुकीविषयी बोलण्याचा हक्क त्याला नाकारणे हाही अन्यायच. आक्षेप रास्त आहे. ठरलेला मोबदला घेऊन कोणी लुबाडले, तर ते सांगण्यात गैर काही नाही. परंतु त्या हक्काची मर्यादा कळण्यासाठी उलट दिशेचे उदाहरण पाहावे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात या व्यवसायातील स्त्रियांच्या संघटनेने १९८६ च्या सुमारास हिंसक ग्राहकांविषयी परस्परांना सावध करणाऱ्या याद्या फिरवण्यास सुरुवात केली. ‘अग्ली मग्ज’ या नावाने ही पद्धत पुढे इतर देशांतही गेली. त्या याद्यांचा गाभा रुचीचा नाही, इजेचा आहे. कोणता ग्राहक कंटाळवाणा होता हे सांगणे त्यांचे प्रयोजन नव्हे. अर्थात तेथेही चुकीच्या माणसावर बोट ठेवले जाण्याचा धोका असतोच. तरी दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या, तर एकीत चुकीची किंमत बहुधा निराशा असते, दुसरीत ती जीव असू शकते.

१७९५ मध्ये ‘लिस्ट’शी संबंधित प्रकाशकांना दंड व तुरुंगवास अशा शिक्षा झाल्या. न्यायालयाला चिंता होती ती सार्वजनिक नीतीची. पुस्तिकेत वर्णिलेल्या स्त्रियांचे काही बिघडले असेल, हा मुद्दाच तेथे नव्हता. अभिप्राय देणाऱ्याने त्यांना विचारले नव्हते. शिक्षा देणाऱ्यानेही विचारले नाही.

तेव्हा न्याय्य अभिप्रायाकडून प्रामाणिकपणापेक्षा अधिक काही मागावे लागते : तथ्य आणि रुची यांची सरमिसळ न करणे, नकाराला उणीव न म्हणणे, आणि जिच्याविषयी लिहिले तिला उत्तराची जागा असणे. यांतील अखेरची अट ‘लिस्ट’सारख्या लेखनाला पाळता येत नाही, कारण त्या व्यवसायातील स्त्रीला उत्तर द्यायचे तर स्वतःला उघड करावे लागते, आणि तसे करणे म्हणजे कायद्याच्या व समाजाच्या हाती सापडणे. म्हणून दोष केवळ एखाद्या खोडसाळ लेखकाचा ठरत नाही. जेथे एका पक्षाला बोलण्याची किंमत मोजावी लागते आणि दुसऱ्याला नाही, तेथे प्रांजळ माणसाचा अभिप्रायही तराजूच्या एकाच पारड्यात पडतो.