मुलांची काळजी टीचरला, टीचरची कोणाला?

गेल्या काही वर्षांत मुलांच्या शाळांतून येणाऱ्या पत्रकांत एक शब्द सारखा दिसू लागला आहे: वेलनेस. वेलनेस वीक, वेलनेस क्लब, वेलनेस टीचर. मराठीत त्याला नेमका शब्द सापडत नाही. 'आरोग्य' म्हटलं की डॉक्टर आणि औषधाची बाटली आठवते. 'स्वास्थ्य' त्यातल्या त्यात जवळचा. स्वस्थ म्हणजे मूळ अर्थाने स्वतःच्या ठिकाणी स्थिर असलेला. शाळेत जाणारं मूल आणि त्याला शिकवणाऱ्या बाई, दोघंही दिवसाचे सहा-सात तास असे स्वस्थ राहू शकतात का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्यातला मुलांचा अर्धा भाग आपण पालक हिरिरीने विचारतो. उरलेल्या अर्ध्याबद्दल मला लिहायचं आहे.

आम्ही अल मवालेहला राहतो. सकाळी सहाच्या सुमारास आमच्या रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं भेटतात: बसची वाट पाहत उभ्या-उभ्या डुलक्या घेणारी मुलं, आणि हातात डबा, खांद्यावर तपासलेल्या वह्यांची पिशवी घेऊन निघालेल्या टीचर्स. (पूर्वी मंडईकडे जाणारे भाजीचे ट्रकही असत. 2024 मध्ये मंडई बर्क्याकडे खझाईनला गेली आणि तेवढा गोंगाट कमी झाला.) या टीचर्स कोणी परक्या नाहीत. कोणी आपल्याच इमारतीत राहतात, कोणी मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक धरतात, कोणी आपल्या मित्राची बायको असतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या, हाताशी बी.एड. होतं, शाळेत लागल्या. त्यांना आपण 'वहिनी' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पेरेंट-टीचर मीटिंगमध्ये त्याच वहिनींना दोन मार्क का कापले म्हणून जाब विचारतो.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. आमच्या धंद्यात एखादी यंत्रणा चोवीस तास चालू ठेवायची असेल तर आधी माणसांच्या पाळ्या ठरतात. रात्री फोन कोणी उचलायचा, किती मिनिटांत उचलायचा, त्याचा मोबदला काय, दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा आहे की नाही, सगळं लेखी असतं. वर्गशिक्षिकेसाठी असं काहीही नसतं. रात्री साडेदहाला 'मॅम, उद्या गणिताची वही आणायची का?' हा मेसेज जातो आणि उत्तर आलं नाही तर सकाळी गटावर कुरकुर सुरू होते. बँकेचा सर्व्हर रात्री बंद पडला तर खरंच नुकसान होतं. गणिताची वही एक दिवस घरी राहिली तर काय होतं, हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की काही नोकऱ्यांत हात आणि डोकं यांच्याबरोबर भावनाही कामाला लावाव्या लागतात. हसायचं, रागवायचं नाही, समोरच्याला बरं वाटेल असं वागायचं, हे सगळं पगारात धरलेलं असतं. त्याला त्यांनी भावनिक श्रम म्हटलं. हवाई सुंदरीचा प्रवासी चार तासांनी उतरून जातो. टीचरसमोरची पस्तीस मुलं एप्रिलपासून पुढच्या मार्चपर्यंत तीच असतात. त्यांतला एक आईवडिलांच्या भांडणातून उठून आलेला असतो, एकीला नाश्ता मिळालेला नसतो, एकाच्या बाबांची नोकरी कालच गेलेली असते. बाईंनी हे सगळं ओळखावं अशी आपली अपेक्षा असते, आणि चांगल्या बाई ते ओळखतातही. पण ओळखलेलं सगळं संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी जातं, त्याचं काय?

यावर कॅनडात एक पाहणी झाली आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या प्राथमिक शाळांत चारशेहून अधिक मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, तपासलं गेलं आणि त्यांच्या शिक्षकांना स्वतःच्या थकव्याबद्दल विचारलं गेलं. 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या वर्गांचे शिक्षक जास्त थकलेले, पार गळून गेलेले होते, त्या वर्गांतल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसॉल जास्त निघालं. आता आधी काय घडलं, थकलेल्या शिक्षकामुळे मुलं ताणली गेली की ताणलेल्या मुलांमुळे शिक्षक थकला, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही, आणि संशोधकांनी तसा दावाही केला नाही. माझ्या मते दोन्ही खरं असावं. ज्याने घरात तान्हं मूल सांभाळलं आहे त्याला हे कॉर्टिसॉल न मोजताही ठाऊक असतं.

हे वाचून पालक म्हणून पहिला विचार येतो: म्हणजे माझ्या मुलासाठी तरी टीचरची काळजी घ्यायला हवी. शाळांचे वेलनेसचे बेत बहुधा याच वाटेने जातात. शिक्षक आनंदी तर निकाल चांगला. मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी 1785 मध्ये मांडलेला विचार असा, की कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःही एक साध्य असतो. बाईंची झोप, त्यांचा आवाज, त्यांची सुट्टी यांची किंमत माझ्या मुलाच्या टक्केवारीतून ठरवायची म्हटलं, तर उद्या एखादी पाहणी उलटी निघाली की ती काळजीही संपली! दमलेल्या टीचरचा वर्ग जास्त मार्क मिळवतो असं सिद्ध झालं तर आपण त्यांना आणखी दमवणार का? उत्तर 'नाही' असेल, तर मग कारण मार्कांपलीकडचं आहे.

आपल्या मराठी मनात आदर्श शिक्षक म्हटलं की साने गुरुजी उभे राहतात. 1924 ते 1930 या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. मुलांची अंथरुणं आवरणं, कपडे धुणं, आजारी मुलाच्या उशाशी बसणं, मुलांसाठी रोज हस्तलिखित अंक काढणं, हे सगळं त्यांनी केलं. शिक्षकाने आईसारखं असावं ही आपली कल्पना तिथून घट्ट झाली, आणि ती सुंदर आहे यात वाद नाही. पण तिच्यातला एक भाग आपण मुलांना सांगत नाही. 1930 मध्ये नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात गेले, अनेकदा तुरुंगात गेले, आणि 11 जून 1950 रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. शाळा सोडून तोवर वीस वर्षं झाली होती, तेव्हा त्याचा संबंध शिक्षकीशी जोडणं चुकीचं ठरेल. मला जाणवतं ते एवढंच, की ज्या माणसाकडे सगळा महाराष्ट्र माया मागायला जात होता, त्या माणसाचं स्वतःचं मन कसं आहे हा प्रश्न आपण आजही क्वचितच विचारतो. आपण त्यांची पुस्तकं वाचतो, डोळे पुसतो आणि पुढच्या शिक्षकाकडून तितक्याच मायेची अपेक्षा ठेवतो.

माया मागता येते का, हा माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न आहे. करारात आठवड्याचे तास लिहिता येतात, वह्या किती तपासायच्या ते लिहिता येतं. रडणाऱ्या मुलाला जवळ घ्यावं हे लिहिता येत नाही, आणि लिहिलं तर ते जवळ घेणं राहत नाही. जे मागता येत नाही ते मिळावं असं वाटत असेल, तर देणाऱ्याजवळ ते शिल्लक राहील एवढं तरी पाहावं लागतं.

'पगार मिळतो की! ताण आम्हाला नाही का?' हे मी अनेकदा ऐकलं आहे, बहुतेक वेळा माझ्यासारख्याच माणसांकडून. ताण सर्वांनाच आहे. पण माझा ताण एखाद्या एक्सेल शीटवर निघतो, फार तर कॉन्फरन्स कॉलवर. टीचरचा निघाला तर तो दहा वर्षांच्या मुलावर निघतो, म्हणून त्यांना तो गिळावा लागतो. पगाराची गोष्ट तर इथे ओमानमध्ये आणखी अवघड आहे. 1975 साली इंडियन स्कूल मस्कत सुरू झाली तेव्हापासून इथल्या भारतीय शाळा समाजाच्या म्हणून चालत आल्या आहेत. स्कूल मॅनेजमेंट कमिटीत पालकच असतात, वरच्या संचालक मंडळावर पालकांनी मतदान करून निवडलेले प्रतिनिधी असतात, आणि खर्च आपल्या फीवर चालतो. म्हणजे शिक्षकांचा मालक शोधायला निघालो तर फिरून आपल्याच दारात येतो. फी पाच रियालनी वाढणार म्हटलं की आपण एकत्र येतो, निवेदनं देतो; अनेक कुटुंबांना ते पाच रियाल खरंच जड असतात, हेही मान्य. पण फी रोखली की पगारही रोखला जातो, आणि हे दोन्ही आपणच केलं, हे वाक्य त्या निवेदनात कधी नसतं.

आता मुलांकडे वळू. आखातातल्या आपल्या मुलांचे ताण थोडे वेगळे आहेत. पुण्यातल्या मुलाला 'आपण इथे किती दिवस आहोत?' हा प्रश्न पडत नाही. इथे तो घरातल्या भिंतीवर टांगलेला असतो. 2014 नंतर तेलाचे भाव घसरले, जानेवारी 2018 मध्ये ओमानने 87 प्रकारच्या कामांसाठी परदेशी माणसांचे नवे व्हिसा थांबवले (त्यात आमचं आयटीही होतं), मग 2020 ची महामारी. प्रत्येक वेळी वर्गातली काही बाकं रिकामी झाली. गेलेल्या मुलाबद्दल घरी फार बोललं जात नाही. राहिलेलं मूल मात्र विचारतं, आणि विचारतं ते बाईंना. त्या बाईंचा स्वतःचा व्हिसाही बऱ्याचदा त्याच धाग्यावर लटकलेला असतो.

शिवाय दहावी-बारावी. भारतात 2022 मध्ये 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक सर्वांत वर होता. आपण आखातात राहतो म्हणून त्या आकड्याच्या बाहेर आहोत असं समजू नये. आपलीच मुलं सतराव्या वर्षी एकटी भारतातल्या होस्टेलवर जातात. जुलै 2025 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा असं सांगितलं. सीबीएसई तर 1998 पासून परीक्षेच्या काळात टेलिफोनवर समुपदेशन देते. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायचे ठरवलं, मुलांची झोप व्हावी म्हणून. त्यावर शाळांनी, बसवाल्यांनी आणि पालकांनीही अडचणींची यादी दिली. इथल्या उन्हात नऊला शाळा भरवणं कठीण, हे मी समजू शकतो. पण मग रात्री दहाला मूल झोपलेलं हवं, आणि ते सरकारच्या हातात नाही.

या सगळ्या चांगल्या योजनांत मला एकच शंका आहे. त्या अमलात आणायच्या कोणी? नवी योजना आली की तिची वही टीचरच्याच पिशवीत पडते. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला विचारा. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यातलं कलम 27 सांगतं, की जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकांना बाहेरची कामं देऊ नयेत. तरी माहिती भरण्यातून त्याची सुटका नाही. आपल्याकडेही शिक्षकांचं तणावमुक्ती शिबिर शनिवारी सकाळी ठेवलेलं मी पाहिलं आहे. आठवड्यातल्या दोन सुट्ट्यांपैकी एक घेऊन ताण कमी करायचा, हे गणित मला सुटलं नाही. शिबिराच्या आधी त्यांनी कपडे धुवून, आठवड्याची भाजी आणून ठेवली होती का, हेही कोणी विचारलं नाही.

आमच्या मुलीच्या वर्गातल्या पालकांनी या वर्षी एक साधी गोष्ट ठरवली. संध्याकाळी सातनंतर टीचरना मेसेज नाही. मूल आजारी असेल, काही खरंच घडलं असेल तर फोन करावा, बाकी सकाळी. टीचरना ते कळवलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, 'कोणाची काही तक्रार आहे का?' नाही म्हणून सांगायला दोन दिवस लागले. गेल्या तीन महिन्यांत नियम दोनदा मोडला. दोन्ही वेळा प्रश्न एकच: उद्या पीटीचा ड्रेस की रोजचा? दुसऱ्या वेळी टीचरच्या आधी एका पालकानेच उत्तर दिलं, आणि ते चुकीचं होतं. सात मुलं पीटीच्या ड्रेसमध्ये शाळेत गेली आणि दुपारी हसत घरी आली.